'पगार'चे लॅटिन कूळ

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. त्यावरून 'पाकारे' हे क्रियापद झाले: शांत करणे, ताब्यात आणणे. ज्युलियस सीझरने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेचा वृत्तांत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात लिहिला. गॉल जिंकून झाल्याचे सांगताना त्याने हेच क्रियापद वापरले आहे. त्या शांततेसाठी कित्येक वस्त्या बेचिराख झाल्या होत्या, हे तो शब्द वाचताना विसरता येत नाही.

पुढे लोकांच्या बोलीत या क्रियापदाने निराळे वळण घेतले. देणे थकले की सावकार दारात येतो आणि पैसे हाती पडले की शांत होतो. त्यामुळे 'पाकारे'चा अर्थ आधी धनकोचे समाधान करणे आणि मग नुसतेच पैसे देणे असा झाला. हा योगायोग नव्हे. 'क्विएतुस' म्हणजे निवांत, या लॅटिन शब्दातूनही जर्मन भाषेत 'क्विटुंग', म्हणजे पैसे मिळाल्याची पावती, हा शब्द आला.

लॅटिनपासून नव्या भाषा फुटल्या तेव्हा दोन स्वरांमधल्या 'क'चा बऱ्याच ठिकाणी 'ग' झाला. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कॅटलानमध्ये 'पागार' आहे. इटालियनमध्ये हा बदल सरसकट होत नाही. तिथे मैत्रीण अजून 'अमिका'च आहे, स्पॅनिशसारखी 'अमिगा' झालेली नाही. तरीही 'पागारे'मध्ये 'ग' आहेच. फ्रेंचमध्ये तर तो 'ग'ही विरून 'पेये' उरले. शांततेला फ्रेंच 'पे' म्हणतात, त्यामुळे दोन्ही शब्दांचे नाते तिथे कानाला अजून जाणवते. इटालियन 'पाचे' आणि 'पागारे' यांच्यात ते ऐकू येत नाही.

जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. इटालियनमध्ये 'आप्पागारे' म्हणजे तृप्त करणे. रुमानियन भाषेत 'अंपाका' म्हणजे समेट घडवणे. पैसे देण्यासाठी तिथे स्लाव्ह भाषांकडून घेतलेले वेगळेच क्रियापद चालते. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. 'पे' आणि 'पीस' हे दोन्ही त्यातलेच. मध्ययुगीन इंग्रजीत 'पे'चा अर्थ खूश करणे असाही होता.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या भाषेतले कितीतरी शब्द कोकणी-मराठीत रुजले. 'पागार' त्यांपैकीच एक. पोर्तुगीजमध्ये ते केवळ क्रियापद; महिन्याच्या वेतनाला तिथे 'सालारियु' म्हणतात. मराठीने त्याचे नाम केले, त्याला पुल्लिंगी मानले, आणि 'पगारवाढ', 'पगारदार', 'बिनपगारी रजा' असे स्वतःचे शब्द त्यावर घडवले.