फरशीवरच्या काळ्या रेघा कोणी पुसायच्या?



जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा फरशी लख्ख असते. सुट्टीत ती घासूनपुसून घेतलेली असते. श्रावण येईपर्यंत त्याच फरशीवर काळ्या रेघांचे जाळे पसरते. जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीजवळ, वर्गाच्या दाराशी आणि विशेषतः जिथे मुले पळता पळता एकदम ब्रेक मारतात तिथे या रेघा हमखास दिसतात. रोज कचरा-पोता होतो, तरी त्या जात नाहीत. मग गॅदरिंग जवळ आले किंवा कोणी पाहुणे येणार असले की मावशी गुडघे टेकून बसतात. एका हातात जुने ब्लेड, दुसऱ्या हातात रॉकेलचा बोळा. एवढ्यानेही भागले नाही तर ऍसिडची बाटली निघते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. शाळेपुढे निकालाचे, पटसंख्येचे, मराठी माध्यम टिकवण्याचे मोठे प्रश्न असताना फरशीवरच्या रेघांवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की या रेघांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रेघ काढतो आपण आणि गुडघे टेकते दुसरेच कोणी. शाळेत हे रोज घडत असेल तर आपण मुलांना नक्की काय शिकवतो?

आधी ही रेघ म्हणजे काय ते समजून घेऊ. काळ्या बुटाच्या रबरी तळव्यात काजळीसारखी बारीक कार्बनची पूड मिसळलेली असते. तिच्यामुळे रबर मजबूत होते, लवकर झिजत नाही. मोटारीचे टायर काळे असतात तेही याच कारणाने. पाय घसटला की घर्षणाने तळवा तापतो आणि रबराचा अगदी पातळ थर फरशीला चिकटतो. म्हणजे ही रेघ फरशीत मुरलेला डाग नसतो, ती फरशीवर बसलेली रबराची पापुद्री असते. पाण्यात रबर विरघळत नाही, म्हणून ओला पोता कितीही मारला तरी ती हलत नाही. उलट कोरडे, मऊ पण पकड असलेले काहीतरी त्यावर घासले की पापुद्री गोळा होऊन सुटते. आपण वहीतली पेन्सिलीची रेघ खोडतो त्याच जातीचे हे काम. रबराने पेन्सिलीची खूण पुसता येते याची नोंद इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 साली केली होती. तेव्हा शाळेच्या दप्तरातले साधे खोडरबरसुद्धा फरशीवरची छोटी रेघ काढू शकते.

पण खोडरबर घेऊन फरशीवर बसायचे म्हणजे पुन्हा गुडघे टेकणे आलेच. यावर एक सोपा उपाय आहे. परदेशातल्या अनेक शाळांत आणि व्यायामशाळांत सफाईची माणसे तो वर्षानुवर्षे वापरतात. जुना टेनिस बॉल घ्यायचा, त्यावर धारदार सुरीने फुलीच्या आकाराची चीर द्यायची आणि झाडूच्या किंवा पोत्याच्या दांड्याचे टोक त्यात घट्ट बसवायचे. झाले साधन तयार! उभ्या उभ्या रेघेवर बॉल टेकवायचा, थोडा जोर द्यायचा आणि पुढे-मागे चार-सहा वेळा फिरवायचा. बॉलवरची लव लोकर आणि नायलॉनची असते. ती फरशीला ओरखडा पाडत नाही आणि रबराची पापुद्री पकडते. पाणी नको, साबण नको, ऍसिड तर नकोच नको. शेवटी कोरड्या फडक्याने भुगा टिपून घेतला की काम संपले.

टेनिस बॉलचा तुटवडा सुरतेत कधी पडणार नाही. लिंबायत असो, उधना असो की डिंडोली, गल्लोगल्ली टेनिस बॉलचे क्रिकेट चालते. उसळी मेलेले बॉल घरोघरी कपाटाखाली पडलेले असतात. एकच काळजी घ्यावी. ज्या बॉलला पूर्ण टक्कल पडले आहे तो उपयोगाचा नाही. उसळी गेलेली पण लव शिल्लक असलेला बॉल निवडावा. चीर देण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे. गोल बॉलवर सुरी घसरते.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाक ओढल्यामुळे लोखंडी पायांनी पडलेले ओरखडे याने जाणार नाहीत, कारण तिथे फरशीच खरवडलेली असते. शाईचे, चहाचे, पानाचे डाग जाणार नाहीत. बाजारात ‘मॅजिक स्पंज’ म्हणून पांढरा स्पंज मिळतो, तो रेघा झटकन काढतो. पण तो अगदी बारीक सँडपेपरसारखा काम करतो. चकचकीत पॉलिशवर तो रोज फिरवला तर चमक उतरते. तेव्हा आधी बॉल, अडलेच तर हलक्या हाताने स्पंज, हा क्रम बरा.

आता ऍसिडविषयी. ही गोष्ट विश्वस्त मंडळाने विशेष लक्षात घ्यावी अशी आमची विनंती आहे. आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या इमारतींत बहुधा कोटा फरशी किंवा मोझॅक असते. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत आणि शाळांत शहाबादी असते. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड, आणि मोझॅकमध्ये सिमेंट व संगमरवराची खडी. चुनखडी आणि ऍसिड यांचे काय होते ते नववी-दहावीच्या मुलांनी प्रयोगशाळेत पाहिलेलेच आहे. फेस येतो, वायू सुटतो आणि दगड झिजतो. म्हणजे ऍसिडने आपण रेघ काढत नाही, रेघेखालची फरशी काढतो. ती खरखरीत होते आणि खरखरीत फरशी पुढच्या वेळी आणखी मळ धरते. मोरबीच्या नव्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर ऍसिडचा परिणाम एवढा होत नाही, पण त्यांच्या सांध्यांतले सिमेंट खाल्ले जातेच. शिवाय त्या वाफा कोणाच्या छातीत जातात? गुडघे टेकून बसलेल्या मावशींच्या. रॉकेलही तसेच वाईट. वास, निसरडेपणा आणि आगीची भीती, तिन्ही एकदम. जी वस्तू प्रयोगशाळेत आपण कुलपात ठेवतो ती जिन्याखाली झाडूशेजारी उघडी का असावी?

इथपर्यंत बहुतेकांचे एकमत होईल. खरा वाद पुढे आहे. हा बॉल लावलेला दांडा कोणाच्या हातात द्यायचा?

आमचे स्पष्ट मत आहे की तो विद्यार्थ्यांच्या हातात द्यावा. प्रत्येक वर्गाला एक दांडा. शेवटच्या तासानंतर पाच मिनिटे, पाळीपाळीने, आपल्या वर्गातल्या आणि वर्गासमोरच्या रेघा आपण पुसायच्या.

काही पालकांना हे रुचणार नाही. पोरांना शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही, हे वाक्य आम्ही ऐकले आहे. त्यामागची भावनाही आम्ही समजतो. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी लूमवर, मिलमध्ये, लोकांच्या घरी राबून मुलांना इथवर आणले. मुलाच्या हातात पेन यावे म्हणूनच ती पिढी झिजली. शिवाय आपल्या देशात शाळेतली सफाई ठरावीक घरच्या मुलांकडूनच करून घेण्याचा वाईट इतिहास आहे. काही ठिकाणी शिक्षा म्हणूनही हे काम दिले गेले आहे. जिथे असे घडते तिथे पालकांनी विरोध केलाच पाहिजे.

पण उपाय काय? काम टाळणे की काम सर्वांनी वाटून घेणे? आपल्या मराठी माणसांनीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते जातीने ब्राह्मण, म्हणून सरकारने नकार दिला. त्यांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांनीही त्या वर्षीच्या डिसेंबरात उपवास सुरू केला. विचार करा, झाडू हातात घ्यायला मिळावा म्हणून उपवास! काम हलके नसते, काम एकाच्याच माथी मारल्याने ते हलके ठरते, हे अप्पासाहेबांना दाखवून द्यायचे होते. गाडगेबाबांचेही तेच. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस दिवसा खराट्याने गाव झाडी आणि रात्री कीर्तन करी. क्रम लक्षात घ्या, आधी हात आणि मग तोंड.

आणि आपले सुरत? 1994 च्या सप्टेंबरात इथे प्लेगची साथ आली तेव्हा काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. आजच्या पालकांना ते दिवस आठवत असतील. आगगाड्या, बस, टेम्पो, मिळेल त्या वाहनाने माणसे गावी निघाली होती. त्याच शहरात 1995 च्या मे महिन्यात महापालिका आयुक्त म्हणून श्री. एस. आर. राव आले. ‘ए.सी. टू डी.सी.’ हे त्यांचे सूत्र गाजले. एअर कंडिशन खोली सोडा आणि डेली चोअर्सला, म्हणजे रोजच्या कामाला, प्रत्यक्ष जागेवर उतरा. साहेब रस्त्यावर उभा राहिला म्हणून रस्ता बदलला. पुढे 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरत देशात पहिले आले. एवढ्या शहरात शाळेच्या जिन्यावरच्या रेघा आपण मावशींच्या गुडघ्यांवर सोडून द्याव्यात, हे आपल्याला शोभत नाही.

जपानमध्ये शाळेचे वर्ग आणि पॅसेज मुलेच रोज स्वच्छ करतात. 2022 साली कतारच्या फुटबॉल विश्वचषकात सामना संपल्यावर जपानी प्रेक्षक स्टेडियममधला कचरा उचलताना जगाने पाहिले. ती सवय स्टेडियमवर लागलेली नव्हती, ती शाळेच्या पॅसेजमध्ये लागली होती.

म्हणून आमच्या सूचना अशा:

1. पाळी सर्वांची. मुलगा-मुलगी, हुशार-साधा, कोणाच्या घरचा, काही पाहू नये. यादी हजेरीपटाच्या क्रमाने चालावी, म्हणजे निवडीला जागाच राहणार नाही.

2. हे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. ज्या दिवशी ते शिक्षा होईल त्या दिवशी उपक्रम बंद केलेला बरा.

3. मुलांच्या हातात फक्त दांडा आणि कोरडे फडके. स्वच्छतागृहे, ऍसिड, फिनेल यांच्याशी मुलांचा संबंध नको. दम्याचा किंवा धुळीचा त्रास असलेल्या मुलांना दुसरे काम द्यावे.

4. महिन्यातून एकदा शिक्षकांची आणि सत्रातून एकदा विश्वस्तांची पाळी असावी. मुले भाषणापेक्षा हे जास्त लक्षात ठेवतील.

5. मावशींचे आणि शिपाईकाकांचे काम वा पगार यामुळे कमी होऊ नये. त्यांचा गुडघ्यांचा त्रास कमी व्हावा, एवढाच हेतू आहे. त्यांच्यासाठीही लांब दांड्याची साधने घ्यावीत.

6. ऍसिड शाळेच्या खरेदीतून कायमचे वगळावे.

पालकांसाठी एक वेगळी सूचना. बूट घेताना दुकानातच तळवा पांढऱ्या कागदावर जोराने घासून पाहा. कागदावर काळी रेघ उठली तर फरशीवरही उठणार. बॅडमिंटनच्या कोर्टवर ‘नॉन-मार्किंग’ तळव्याचेच बूट चालतात. वरून काळा आणि तळव्याला रेघ न उठवणारा बूटही मिळू शकतो. तो थोडा महाग पडला तर सक्ती नको. रेघ पुसता येते, पालकांवर ओझे मात्र टाकू नये.

विद्यार्थ्यांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक प्रयोग जरूर करावा. सारख्या लांबीच्या चार रेघा निवडा. एकीवर ओले फडके, दुसरीवर खोडरबर, तिसरीवर लव असलेला बॉल, चौथीवर टक्कल पडलेला बॉल. प्रत्येकीला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मोझॅकवर आणि टाइलवर वेगवेगळा प्रयोग करा. निष्कर्ष पुढच्या अंकासाठी आमच्याकडे द्या, आम्ही आनंदाने छापू.

‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ असे आपल्या आज्या म्हणत आल्या. या म्हणीत हात कोणाचा ते सांगितलेले नाही. तो मावशींचाच असावा असा नियम कोणी केला? शाळा उघडताना कपाटाखालचा एक जुना बॉल प्रत्येकाने दप्तरात घालून आणावा. दांडे शाळेत आहेतच. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पहिल्या पाळीला कोण येणार ते त्याच बैठकीत ठरवावे, ही नम्र विनंती.