रीतही दिसली पाहिजे

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ तयार केला. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. नकला करता करता पाठभेद शिरले होते. नाथांनी शेवटी शक, आपलं नाव आणि आपण नेमकं काय केलं ते लिहून ठेवलं. यात कुणी आपली ओवी घालू नये, असंही बजावलं. गणिताच्या तासाला मी हे मुलांना आवर्जून सांगायची. उत्तराबरोबर रीतही दिसली पाहिजे, हा माझा आग्रह असायचा आणि त्याला नाथांइतका मोठा दाखला मला दुसरा सापडला नाही.

निवृत्त झाले त्याच वर्षी हे गेले, आणि मी आळंदीला राहायला आले. अशा वेळी श्रद्धा आधार देते असं सगळे सांगत होते. माझा हरिपाठ मात्र कित्येक महिने नुसता ओठांवर होता.

यांनी आयुष्यभर प्रवचनं केली. त्यांची टिपणं संगणकावर होती, पण जुन्या फॉन्टात. नव्या संगणकावर फाइल उघडली की सगळी रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं. त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे नुसते आकार बसवले होते. फॉन्ट गेला की मजकूरही वाचता येत नाही, आणि तो फॉन्ट आता मिळत नव्हता. माणसाचं उभ्या आयुष्याचं चिंतन असं कुणाच्या तरी कुलपात अडकावं, याचा मला आजही संताप येतो.

पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “बाई, हे कुणीतरी आधी सोडवलेलं असणार.” खरंच होतं. अशा दुसऱ्या एका फॉन्टासाठी कुणा अनोळखी माणसाने आजच्या युनिकोडमध्ये रूपांतराचा छोटा प्रोग्राम लिहून जीपीएल परवान्याखाली मोकळा ठेवला होता. तो आमच्या फॉन्टाला जुळवून घ्यायला आम्ही बसलो. ‘विठ्ठल’ लिहिताना जुन्या फॉन्टात आधी वेलांटी येते, मग व. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘धर्म’मध्ये तो जुन्या फॉन्टात म नंतर, तर युनिकोडमध्ये र म च्या आधी. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द तर प्रत्येक वेळी मोडायचे. मी चुकलेल्या शब्दांचे तक्ते करत गेले, तो प्रोग्राम सुधारत गेला. यांच्या वाक्यांमधल्या वेलांट्या एकेक करून जागेवर बसवताना हरिपाठ पुन्हा आत उतरू लागला. का, ते मला सांगता येणार नाही, पण उतरला.

काम झाल्यावर त्याने सुधारलेला प्रोग्राम पुन्हा सगळ्यांसाठी खुला केला आणि काय बदललं, कधी बदललं ते त्यातच लिहिलं. बदललेली प्रत वाटायची तर परवान्याची तशी अटच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1989 मध्ये हा परवाना आला. वापरा, वाचा, बदला, वाटा. वाटताना पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्या, आणि बदल केला असेल तर तसं नोंदवा.

मग प्रश्न आला यांच्या टिपणांचा. ती सर्वांना खुली करायची हे ठरलेलंच होतं. माऊलींनी गीता मराठीत आणली ती कपाटात ठेवायला नव्हे. पण बदल करायची मुभा द्यावी का? वारकरी फडावरचे एक वडीलधारे महाराज कळवळून म्हणाले, “माई, उद्या कुणी त्यांच्या तोंडी काहीही घालील.” भीती खोटी नव्हती. मी बरेच दिवस विचार केला. ज्ञानेश्वरीला कुणी हातच लावायचा नाही असं असतं, तर नाथांनाही ती शुद्ध करता आली नसती. त्यांनी मनाई केली ती चोरून भर घालण्याला. स्वतः केलेलं काम त्यांनी उघड सांगितलं. म्हणून मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना निवडला, की मूळ लेखकाचं नाव राहील, बदल नोंदवावे लागतील आणि बदललेली प्रतही खुलीच ठेवावी लागेल.

परभणीकडच्या एका कीर्तनकार ताईंनी नुकतंच कळवलं की नामदेवांचा म्हणून दिलेल्या एका अभंगाचा संदर्भ चुकला आहे. गाथा काढून पाहिली, ताईंचं बरोबर होतं. दुरुस्ती त्यांच्या नावानिशी, तारखेसह घातली. आता यांच्या हातच्या वह्या टंकायच्या आहेत. गल्लीतल्या दोन मुली त्यासाठी संध्याकाळी येतात, आणि न लागणाऱ्या शब्दाशी थांबून मला हाक मारतात.