परसबाग : अननसाची भावंडे

इंदूरच्या रोपवाटिकांतून हल्ली तांबड्या, पिवळ्या, नारिंगी तुऱ्याची एक झळझळीत कुंडी गिऱ्हाइकापुढे आवर्जून ठेवली जाते. दिवाळीला किंवा गृहप्रवेशाला ती भेट म्हणून घरी येते, दोन-तीन महिने दिवाणखान्याची शोभा वाढविते आणि तुरा तपकिरी पडू लागला की ‘झाड मेले’ असे समजून कचऱ्याच्या गाडीत जाते. झाड मेलेले नसते. ते बाळंत होण्याच्या बेतात असते, आणि नेमके त्याच वेळी आपण त्याला घराबाहेर काढतो.

हे झाड बहुधा गुझमानियाचे असते. त्याच्या कुळाला ब्रोमेलियाड म्हणतात. मराठीत त्याला रूढ असे नाव नाही. पण या कुळातील एक आप्त आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून नांदत आहे, तो म्हणजे अननस. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणला. त्याचे नावही त्यांच्याच बरोबर आले. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी पिकते, अशी नोंद जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतील एक अपवाद वगळता त्या साऱ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या.

यांपैकी बऱ्याच जाती रानात झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. बांडगुळाप्रमाणे त्या यजमानाचा रस शोषीत नाहीत; मुळांचा उपयोग केवळ धरून बसण्यापुरता. पानांच्या चक्राच्या मध्यभागी एक पेला तयार होतो, त्यात पावसाचे पाणी साठते आणि पानांवरील सूक्ष्म खवले ते टिपून घेतात. एवढी गोष्ट ध्यानात आली की आपल्याकडे ही झाडे का मरतात, याचा उलगडा होतो. माळव्याची काळी माती कापसागव्हाला माउली असेल, पण पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण येथे घात करतो. मुळे कुजतात आणि झाड बुंध्यापासून हातात येते. म्हणून कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचा चुरा भरावा; मूठभर पानांचे कुजलेले खत पुरे. हॉवर्डसाहेबांनी आणि यशवंत वाड यांनी जी ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली, त्या कंपोस्टचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण ते कंपोस्ट गुलाबाला घालावे, या झाडाच्या पेल्यात चिमूटभरही टाकू नये.

पाणी पेल्यात घालावयाचे, कुंडीत केवळ ओलाव्यापुरते. बोरिंगच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग धरतात. पावसाळ्यात झाकणाच्या पिंपात साठविलेले पाणी सर्वांत उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील गॅलरी, नाहीतर आंबा-चिकूच्या झाडाखालची विरळ सावली यांना मानवते. गच्चीवर हिरवी जाळी लावल्यावाचून यांना ठेवणे व्यर्थ आहे. लू वाहू लागली की सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्यावा. अननस, एकमिया आणि टिलँड्सिया यांच्यापैकी पुष्कळशा जाती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि हवा घेतात ती रात्री, गारव्यात. ‘शबे मालवा’ची ख्याती आपण शायरांकडून ऐकत आलो, या वनस्पतींना ती ख्याती खरोखरच उपयोगी पडते. गुझमानियाची प्रकृती मात्र तशी नाही. ती नाजूक, आणि पारा दहाच्या खाली उतरला की तिला घरात घेऊन पेला रिकामा ठेवावा. नवशिक्याने आरंभ करावा तो बिलबर्जिया किंवा निओरेगेलियापासून. पण रोपवाटिकावाले नेमकी गुझमानियाच पुढे करतात, कारण ती फुलावर असते.

आता मुख्य काळजीचा विषय. ज्या पेल्यामुळे हे झाड जगते, तोच पेला डासांचा पाळणा होऊ शकतो. १९४० च्या दशकात त्रिनिदाद बेटावर कोकोच्या मळ्यांना सावली देणाऱ्या वृक्षांवर हीच झाडे दाटली होती. त्यांच्या पेल्यांत वाढणाऱ्या डासांनी तेथे हिवताप पसरविला, तेव्हा झाडे मारण्यासाठी मोरचुदाचे द्रावण फवारावे लागले. २०१६ मध्ये झिकाच्या साथीत मायामी बीचच्या नगरपालिकेनेही आपल्या बागांतील ब्रोमेलियाड उपटून टाकले. आपल्याकडे पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण घरोघर निघतात. घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर हौसेपायी ही जोखीम पत्करणे योग्य नव्हे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दर पाचव्या दिवशी कुंडी उपडी करून, नळीच्या जोरदार धारेने पेला धुऊन, ताजे पाणी भरावयाचे. गावी जाताना पेले रिकामे करूनच कुलूप लावावे. हे ज्यांना जमण्यासारखे नाही त्यांनी बिनपेल्याची टिलँड्सिया पाळावी. तिला मातीही लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास पाण्यात बुडवावी आणि उलटी धरून निथळू द्यावी. कूलरच्या टाकीत तेल टाकण्याची युक्ती मात्र पेल्यात करू नये, खवले बंद होऊन झाड गुदमरते. त्रिनिदादच्या हकिगतीवरून आणखी एक बोध घ्यावयाचा तो असा की तांबे हे या कुळाला विषच आहे. बोर्डो मिश्रण फवारू नये आणि तांब्याच्या तारेने झाड बांधू नये.

एका झाडाला आयुष्यात एकदाच तुरा येतो. तो सुकला की बुंध्यापाशी पिल्ले फुटतात आणि आई वर्ष-दीड वर्ष त्यांना पोसून हळूहळू वाळत जाते. पिल्लू आईच्या निम्म्याएवढे होईतो वेगळे करू नये. मग धारदार सुरीने काढून, एक दिवस जखम सुकू देऊन लावावे. त्याला फुलावयास दोन-तीन वर्षे लागतात. पूर्ण वाढलेले झाड फुलण्याचे नावच घेत नसेल तर आजीच्या आंब्याच्या अढीतील युक्ती चालते. पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्यानेच अढीतील आंबे एकमेकांना पिकवितात आणि त्यानेच या झाडाला तुरा येतो. पेला रिकामा करून झाडावर प्लास्टिकची पिशवी चढवावी, आत एक पिकलेले सफरचंद ठेवावे व सावलीत आठ-दहा दिवस तसेच असू द्यावे. दोन-तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो.

ज्यांना काही विकत घ्यावयाचे नाही त्यांनी शिऱ्यासाठी अननस आणला म्हणजे त्याचा शेंडा पिळून काढावा, खालची पाने सोलून चार दिवस सुकवावा आणि वर सांगितलेल्या मिश्रणात रोवावा. अननसाला खोल पेला नसतो आणि ऊनही सोसते. फळ धरावयास दीड-दोन वर्षे लागतात, आणि ते बाजारच्या फळाहून लहानच निघते.