शाळेचा बंब

न्यू इंग्लंडात घर घेतलेल्या बहुतेक मराठी मंडळींना तळघरातली तेलाची टाकी चांगलीच परिचयाची असते. तेल महागलं की आपण थर्मोस्टॅट दोन अंश खाली करतो आणि स्वेटर चढवतो. शाळेला तसं करता येत नाही. तिथे तेलाचं बिल वाढलं की कात्री लागते ती वाचनालयाला, नाहीतर संगीताच्या तासाला.

आमच्या व्हरमाँटमधल्या गावच्या शाळेचा तेलाचा बॉयलर आता पेन्शनीत निघाला आहे. त्याच्या जागी लाकडाच्या चिप्सवर चालणारा बसवावा का, हा प्रश्न मार्चमधल्या टाऊन मीटिंगपुढे येतो आहे. मंडळातल्या एका मित्राने लगेच विचारलं, "एवढं शिकून इथे आलो ते पुन्हा लाकडं जाळायला? मग आजोळचा बंब काय वाईट होता?"

बंब मुळीच वाईट नव्हता! तत्त्व तेच आहे, फक्त ढलप्या सारायला इथे आजी नाही. ट्रेलर येतो, त्याची सरकती जमीन चिप्स मागे ढकलत जाते आणि त्या जमिनीखालच्या कोठीत पडतात. तिथून मळसूत्री दांडा त्यांना भट्टीत नेतो, पंखा मोजून हवा देतो. रखवालदाराने रोज थोडा वेळ लक्ष द्यायचं, राख काढायची. एखादी लांब काटकी आली की दांडा अडकून बसतो, म्हणून चिप्स चाळूनच घ्याव्या लागतात. गिरणीवर दळण न्यायच्या आधी गहू निवडावे, तसंच.

यात नवं काही नाही. व्हरमाँटमधल्या शाळा १९८० च्या दशकापासून हे करताहेत. मिडलबरी कॉलेजने २००९ साली असं संयंत्र सुरू केलं: वर्षाला सुमारे २०,००० टन चिप्स, आणि त्यामुळे सुमारे दहा लाख गॅलन तेल वाचायचं असा हिशोब. म्हणजे टनामागे पन्नास गॅलन. माँटपीलियरमध्ये २०१४ पासून विधिमंडळाची इमारत, सिटी हॉल आणि आसपासच्या इमारती एकाच लाकडी भट्टीच्या उष्णतेवर चालतात.

आम्हाला यात खरी गोम दिसते ती लाकूड कुठलं, यात. या राज्याची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाची. चांगला सरळ मेपल फर्निचरला जातो, पण वाकडी, रोगट बीचची झाडं आणि शेंडे पूर्वी कागदाच्या गिरण्या घ्यायच्या. त्यातल्या बऱ्याच एकेक करून बंद झाल्या. मेन राज्यातल्या जे गावची २०२३ मध्ये. या मालाला गिऱ्हाईक नसलं की जंगलमालकाला विरळणी परवडत नाही, आणि जमीन विकून टाकायचा मोह होतो. शाळेचे पैसे तेल कंपनीऐवजी वीस-तीस मैलांवरच्या लाकूडतोड्याकडे गेले तर त्याचा ट्रकही गावात राहतो आणि जंगलही.

पण "लाकूड म्हणजे शून्य कार्बन" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकडाच्या धुराड्यातून तेलापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो परत शोषायला जंगल वाढावं लागतं. मॅसॅच्युसेट्ससाठी २०१० साली झालेल्या मॅनोमेटच्या अभ्यासात तेलाच्या जागी उष्णतेसाठी लाकूड वापरलं तर हे कर्ज साधारण पाच ते दहा वर्षांत फिटतं असं निघालं. कोळशाच्या विजेऐवजी लाकडाची वीज केली तर वीसेक वर्षं. कारण साधं आहे. नुसती वीज करताना ढलपीतली जेमतेम पाव उष्णता कामाला येते, बाकी वाया जाते. शाळेच्या बॉयलरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास. म्हणून लाकडाच्या विजेबद्दल आम्ही साशंक आहोत, शाळेबद्दल नाही.

आता धूर. लाकडाचा सूक्ष्म धूर तेलापेक्षा जास्त असतो, आणि पटांगणात दम्याची मुलं खेळणार आहेत. इथे काटकसर नको. नुसत्या सायक्लोनवर न भागवता चांगला फिल्टर हवाच. दुसरं, बॉयलर सर्वांत कडक थंडीच्या मापाचा घेऊ नये. मोठी भट्टी ऑक्टोबर-एप्रिलच्या मंद थंडीत धुमसत राहते. कमाल गरजेच्या साठ-सत्तर टक्के क्षमतेचा घेतला तरी वर्षाची ऐंशी-नव्वद टक्के उष्णता त्यातून मिळते. उरलेल्या दिवसांना तेलाचा एक छोटा बॉयलर हाताशी ठेवावा. (हीट पंपाचं काय, असं विचाराल. नव्या, घट्ट बांधलेल्या इमारतीला उत्तम. पण गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या जुन्या शाळेत आधी अर्धी शाळा उकलावी लागेल.)

टाऊन मीटिंगला आपली मंडळी फारशी फिरकत नाहीत. या वेळी ज्यांना मताचा हक्क आहे त्यांनी यावं आणि दोनच प्रश्न विचारावेत: लाकूड किती मैलांवरून आणि कुणाच्या देखरेखीखाली तोडलेलं? धुराड्यावर फिल्टर कुठला? उत्तरं नीट मिळाली तर आमचा हात वर असेल. आमच्या सौभाग्यवतींनी तर मेथीच्या वाफ्यासाठी एक बादली राख आत्ताच सांगून ठेवली आहे. ब्लूबेरीला मात्र राख घालू नका, तिला आंबट माती लागते.