अन्सारी गप्प का बसतो?

क्राइम सिरीजमध्ये मुस्लिम पात्र आलं की मी मनात अंदाज बांधतो : हा एकतर बॉम्ब ठेवणार, नाहीतर हिरोला वाचवताना मरणार. दोघांनाही स्वतःचं काही ठरवायचं नसतं, म्हणून दोघंही खोटे वाटतात.

२०२० मध्ये आलेल्या ‘पाताल लोक’मधला इमरान अन्सारी तसा नाही. दिल्लीत जमुनापारच्या पोलीस ठाण्यात तो हाथीराम चौधरीच्या हाताखाली काम करतो आणि यूपीएससीचा अभ्यासही करतो. त्याच्यासमोर मुसलमानांवर शेरे मारले जातात. तो बहुतेक वेळा ऐकून घेतो.

माझ्या मित्राला हा भित्रेपणा वाटला. मला नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे मी कौतुक म्हणून ऐकलंय आणि हसून जेवत राहिलोय. त्या दिवशी प्रमोशनची चर्चा सुरू होती. अन्सारीसमोर परीक्षा आहे. गप्प बसणं हा त्याचा हिशेब आहे, आणि तो त्याला किती महाग पडतो हे इश्वाक सिंगच्या चेहऱ्यावर दिसतं. २०२५ च्या दुसऱ्या सीझनमध्ये तो आयपीएस होऊन, हाथीरामचा वरिष्ठ म्हणून येतो, तेव्हा ते पटतं.

आपण मात्र अजूनही ‘आमची चांगली पात्रं दाखवा’ एवढंच मागतो. चांगुलपणाचं सर्टिफिकेट कशाला हवं? घाबरणारा, चुकणारा, तरीही स्वतः ठरवणारा माणूस मागूया. आणि तुमच्यापैकी कुणी पटकथा लिहीत असेल, तर कँटीनमधल्या त्या हसण्यापासून सुरुवात करा.