डोंगर आमचा, गोष्ट त्यांची!

उन्हाळ्याची सुटी संपत आली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. गाडीच्या टपावर पत्र्याची ट्रंक, डिकीत फराळाचे डबे, मागच्या आसनावर डोळे पुसणारी आई आणि तिच्या शेजारी नव्या गणवेशातली दहा-अकरा वर्षांची मुलगी. गाडी फलटण मागे टाकते, आदर्कीचा घाट चढते, वाठार आणि वाई ओलांडून पसरणीच्या घाटाला लागते आणि पाचगणीच्या एखाद्या निवासी शाळेच्या फाटकापाशी थांबते. उसाने, दुधाने आणि द्राक्षाने या दोन तालुक्यांत जी सुबत्ता आली, तिने मुलीच्या शिक्षणावर खर्च करायला शिकवले. याचा आनंदच मानला पाहिजे. ज्या घरांत आजीला अंगठा उमटवावा लागला, त्या घरातली नात डोंगरावर शिकायला जाते, ही सामाजिक क्रांतीच आहे.

परंतु गेल्या सुटीत अशाच एका परिचित घरी गेलो असता त्या मुलीने मला निरुत्तर केले. तिच्या मांडणीवर एनिड ब्लायटनबाईंच्या ‘सेंट क्लेअर्स’ आणि ‘मॅलरी टॉवर्स’ या दोन्ही मालिका ओळीने लावलेल्या होत्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या त्या काल्पनिक शाळेचा जलतरण तलाव खडकात कसा खोदला आहे, हे तिने मला हातवारे करून सांगितले. मी विचारले, ‘‘बाळ, तुमच्या पठाराच्या कड्यावरून धोमच्या पाण्यापलीकडे जो किल्ला दिसतो, त्याचे नाव काय?’’ तिला ठाऊक नव्हते. कमळगडाचे नाव तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी उपदेशाला सुरुवात करणार, एवढ्यात तिनेच विचारले, ‘‘काका, मुलींच्या बोर्डिंगची, डोंगरातली अशी एखादी गोष्ट मराठीत आहे का? असली तर द्या ना.’’

वाचकहो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. साहित्याची पदवी घेतलेला आणि आयुष्यभर लेखणीवर पोट भरणारा मी मान खाली घालून परतलो. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आमचे पुरोगामी मित्र लगेच म्हणतील, ‘पुस्तकाला कुठे देश असतो? मुलगी वाचते आहे ना, मग कशाला पोटात दुखते?’ पोटात दुखत नाही. ब्लायटनबाईंचा आम्हांला रागही नाही. पण पुस्तकाला देश नसतो, हे मात्र धादांत असत्य आहे. ‘सेंट क्लेअर्स’चे पहिले पुस्तक १९४१ साली आले आणि ‘मॅलरी टॉवर्स’चे १९४६ साली. एक ऐन महायुद्धात, दुसरे युद्धाने पोळलेल्या काळात. त्या पुस्तकांनी इंग्लंडच्या मुलींना काय शिकवले? मैत्रिणीशी इमान राखावे, चुगली करू नये, खेळात हरल्यावर रडू नये, चूक झाल्यास उभे राहून कबूल करावी. इंग्रज मुलगी कशी असावी, याचे ते राष्ट्रीय शिक्षण होते. फक्त ते गोष्टीच्या वेष्टनात, मध्यरात्रीच्या चोरट्या खाऊसह दिले गेले. ज्या राष्ट्राला टिकायचे असते, ते आपल्या मुलींसाठी गोष्टी लिहिते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एलिनॉर ब्रेंट-डायर या इंग्रज शिक्षिकेने १९२५ साली ‘शॅले स्कूल’ ही मालिका सुरू केली. ऑस्ट्रियातील टायरॉलच्या डोंगरात सरोवराकाठी एका इंग्रज तरुणीने काढलेली मुलींची शाळा, हा तिचा विषय. पुढे या मालिकेची पन्नासहून अधिक पुस्तके झाली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर लेखिकेने आपल्या कथेतल्या शाळेलाही परागंदा केले. डोंगरातल्या भटकंतीच्या, वादळात अडकण्याच्या आणि सुटकेच्या प्रसंगांनी ही पुस्तके भरलेली आहेत. आणि या शाळेचा एक नियम आमच्या ‘इंग्लिश मीडियम’वाल्यांनी मुद्दाम वाचावा. तिथे इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषांचे दिवस वाटून दिलेले असत. ज्या डोंगरात राहायचे, त्या डोंगराची भाषा बोलायची! इंग्रज लेखिकेला जे शंभर वर्षांपूर्वी कळले, ते सह्याद्रीच्या माथ्यावर शाळा चालवणाऱ्या किती जणांना कळले आहे? आवारात मराठी बोलले म्हणून दंड भरल्याच्या आठवणी सांगणाऱ्या कितीतरी भगिनी आज आपल्या घराघरांत आहेत.

पाचगणीचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजांनी हे ठिकाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हवापालटासाठी वसवले. मैदानी उन्हाळा न सोसणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. मुलींच्या जुन्या मिशनरी शाळा त्या शतकाच्या अखेरच्या दशकातल्या. त्यांनी शिस्त दिली, स्वच्छता दिली, मुलींना मैदानावर उतरवले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या शाळांच्या खिडक्या इंग्लंडकडे उघडत होत्या. याच गावात १९२२ साली हिंदू हायस्कूल उभे राहिले आणि पुढे संजीवन विद्यालय म्हणून नावारूपाला आले. म्हणजे डोंगरावर आपली शाळा उभी करता येते, हे आपल्याच लोकांनी शतकापूर्वी सिद्ध केले. आपली गोष्ट उभी करणे मात्र राहून गेले.

ती पोकळी कोणी भरली? २०११ साली नयना करीमभॉय यांची ‘मिस टिमिन्स स्कूल फॉर गर्ल्स’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः पाचगणीच्या वसतिगृहात वाढलेल्या आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या. कथेचा काळ १९७४ च्या पावसाळ्याचा. कथानायिका चारुलता आपटे, इंदूरच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली एकवीस वर्षांची मुलगी, मिशनरी शाळेत शिकवायला येते. मग बंडखोरी, निषिद्ध प्रेम आणि पठारावरच्या कड्याखाली एका शिक्षिकेचा मृतदेह. पाचगणीचा पाऊस आणि धुके लेखिकेने समर्थपणे रंगवले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण आपटे आडनावाच्या मुलीचे घर तिथे कशासाठी येते? पळून जाण्यासाठी! घर म्हणजे कोंडवाडा आणि डोंगर म्हणजे त्यापासून सुटका, हे जुने समीकरण पुन्हा एकदा मांडले जाते. ज्या इंदूरच्या होळकर संस्थानाची धुरा अहल्यादेवींसारख्या स्त्रीने वाहिली, त्या इंदूरच्या घरात मुलीला बळ देणारे काहीच नव्हते काय?

तरीही दोष लेखिकेला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. तिने आपल्याला दिसले ते लिहिले. आपण काय लिहिले? भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुण्याच्या विद्याभवनात, वसतिगृहात आणून ठेवले आणि मराठी मुलांना फास्टर फेणे हा अस्सल मराठी मातीतला नायक मिळाला. पण तो मुलगा! त्याच्या तोडीची, वसतिगृहात राहणारी, डोंगर तुडवणारी, संकटात डोके शांत ठेवणारी मराठी मुलगी कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसलेले असे एक नाव सांगा.

इथे आपल्याच वर्तुळातली काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, ‘कादंबऱ्या हव्यात कशाला? मुलींनी थोरांची चरित्रे वाचावीत.’ चरित्रे वाचावीतच. पण दहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीही हव्या असतात आणि त्या तिला गोष्टीत भेटतात. आपण त्या दिल्या नाहीत, म्हणून ती कॉर्नवॉलला गेली. आणखी एक कटू सत्य. रायगडचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो. पण ती आई होती आणि तान्ह्यासाठी उतरली. एखादी मुलगी केवळ डोंगराच्या ओढीने कडा चढू म्हणाली, तर आपल्यापैकी किती वडील तिला हिरकणी म्हणतील आणि किती जण ‘लोक काय म्हणतील’ म्हणतील? १९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन करताना वंदनीय मावशी केळकरांनी मुलींना घराबाहेर मैदानावर आणले. त्यांनी मातृत्वाबरोबरच कर्तृत्व आणि नेतृत्व हे आदर्श ठेवले. ते वारसदार म्हणवणाऱ्यांनी मागे राहावे काय?

मुली तर आपल्यासाठी थांबलेल्या नाहीत. पुण्याच्या कृष्णा पाटीलने २००९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्ट गाठले. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ साली एव्हरेस्ट आणि २०२१ साली अन्नपूर्णा शिखर सर केले. अन्नपूर्णेवर पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. सातारा आणि पाचगणी यांच्यात अंतर ते किती! तिथल्या वसतिगृहांत झोपणाऱ्या मुलींच्या उशाशी प्रियांकाची गोष्ट का नसावी?

आणि डोंगर बारामती-इंदापूरला परका आहे, असे कोणी समजू नये. आपला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ती नीरा भोरच्या डोंगरांतून उतरते. १८८० च्या दशकातल्या नीरा डाव्या कालव्याने ते पाणी आपल्या बांधापर्यंत आणले. नीरा-नरसिंगपूरला ती भीमेला भेटते, तेव्हा भीमाशंकरचे आणि भोरचे डोंगरच एकमेकांना भेटतात. बारामतीचे भूषण असलेले मोरोपंत जन्मले पन्हाळ्यावर. बाईने प्रवासाला निघणे हीसुद्धा परदेशी आयात नाही. तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला येते, तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउलींची पावले मोजा. ज्या पसरणीच्या घाटातून आपल्या मुली वर जातात, ते पसरणी शाहीर साबळ्यांचे गाव. आणि पायथ्याच्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम चालत आले. गाडीची काच खाली करून एवढे सांगायला किती वेळ लागतो?

मुलींच्या वसतिगृहाची आणखी एक कथा आहे, ती उलट्या दिशेने जाणारी. नागालँड, मेघालय, अरुणाचलच्या डोंगरांतून लहान मुली मैदानात उतरून नागपूरला समितीच्या देवी अहल्या मंदिरात राहतात, मराठी-हिंदी शिकतात आणि शिकून आपल्या डोंगरात परततात. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या आणि १९३२ ते १९४७ अशी कोवळी वर्षे इंग्रजांच्या तुरुंगात काढलेल्या राणी गाइदिन्ल्यूंच्या त्या लेकी. त्यांची पहिली रात्र, पहिले पत्र, भाकरीची पहिली चव, इथली पहिली मैत्रीण. यात कादंबरी नाही, असे कोण म्हणेल? आणि आपल्याच कारखान्यांच्या तळांवर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या लेकी? त्यांच्यासाठी वसतिगृह म्हणजे मध्यरात्रीचा खाऊ नव्हे. शाळा सुटणे आणि बालविवाह यांपासूनचा बचाव आहे. त्यांची गोष्ट लिहायला न्यूयॉर्कहून कोणी येणार नाही.

म्हणून मागणे थोडकेच आहे. पालकांनी मुलीला डोंगरावर पाठवावे, पण सुटीच्या दिवशी तिला उपाहारगृहात न नेता प्रतापगडावर न्यावे. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे आणि तिच्या शाळेपासून जवळ आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयात मुलींसाठी एक कपाट मागून घ्यावे. शिक्षिका भगिनींनी स्वतःच्या वसतिगृहाच्या आठवणी लिहून काढाव्यात. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी ब्लायटनबाईंना शिव्या देण्याऐवजी त्यांच्याशी स्पर्धा करावी. त्या मुलीच्या मांडणीवरचे एकही पुस्तक काढायचे नाही. त्या ओळीत आपले एक ठेवायचे आहे.

पुढच्या सुटीत ती पुन्हा घरी येईल आणि पुन्हा विचारील, ‘‘काका, आणलीत का गोष्ट?’’ तेव्हा मान खाली घालण्याची पाळी माझ्यावर, तुमच्यावर, आपल्या कोणावरही येऊ नये.