आधी पाय, मग काठी

बर्फ केवळ सरबतात पाहिलेल्या बेळगावच्या मुलाने आइस हॉकीवर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. पण गेल्या वर्षी आमचा हॉकी संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. निर्णायक गोलाचा चेंडू माझ्याच काठीखालून निसटला. त्याचे कारण मला या परक्या खेळात सापडले.

तेथे चकतीमागे धावण्याआधी स्केटवर तोल सांभाळणे, पडून उठणे, थांबणे, वळणे, मागे सरकणे शिकावे लागते. मग मान वर ठेवून चकती खेळवणे आणि पास देणे. गोलाची हौस त्यानंतर.

सोव्हिएत रशियात या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९४६ साली सुरू झाली. कृत्रिम बर्फाची मैदाने जवळजवळ नव्हतीच. अनातोली तारासोव्ह यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी मग जमिनीवरच कसून मेहनत करून घेतली. १९५४ साली प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरलेल्या सोव्हिएत संघाने कॅनडाला ७-२ असे नमवून अजिंक्यपद पटकावले.

आम्हांला मैदान आहे; पण संघ निवडला जातो स्पर्धेच्या आठ दिवस आधी. चेंडू अडवावा कसा, हे कुणी शिकवत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारत नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, रोजकीर्द न लिहिताच ताळेबंद मांडायला बसतो. तो जुळणार कसा?

जिमखान्याने वर्षारंभापासून रोज अर्धा तास केवळ मूलभूत सराव ठेवावा. पहिल्या दिवशी मी हजर राहीन. करंडकाचे मग पाहू.